मायलेज एकीचं, खप दुसरीचा, मग घ्यायची कुठली?

वाचकाचं पत्र:

ताई नमस्कार. हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, घ्यायचं पक्कं झालंय पण कुठली ते पक्कं होत नाहीये. फिरून फिरून दोन उरल्यात. पहिलीच्या ब्रोशरवर लिटरला २४.५ लिहिलंय, दुसरीच्या २२.५. पण साडूंनी मोबाईलवर मागच्या वर्षीच्या विक्रीची यादी दाखवली, त्यात दुसरी गाडी पहिलीच्या तिप्पट खपलीय. साडू म्हणतात जग काय वेडं आहे का. बायको म्हणते आपण हायब्रिड मायलेजसाठीच घेतोय ना, मग जास्त मायलेजवाली घ्या, विषय संपला. मी चौदा कॉलमची एक्सेल शीट केलीय, रोज रात्री उघडतो आणि रोज वेगळीच गाडी जिंकते. ऑफिस ९ किलोमीटरवर आहे, महिन्यातून एकदोनदा हायवे, वर्षाला बारा हजारच्या आसपास रनिंग. घेतली तर टॉप व्हेरिएंटच घेणार, ते मोठे अलॉय मला फार आवडलेत. तर मायलेज बघू की खप? आणि बॅटरी गेली तर काय हेही सांगा.
– एक्सेलमध्ये अडकलेला

उत्तर:

भाऊ, गाड्यांची नावं तुम्ही लिहिली होती, मी मुद्दाम गाळलीयत, कारण नाव दिसलं की लोक पुढचं वाचत नाहीत, थेट बाजू घेतात. तुमच्या घरातही तेच चाललंय असं दिसतंय.

आधी ती शीट बंद करा आणि एकच भागाकार करू. बारा हजार भागिले २४.५ म्हणजे ४९० लिटर. बारा हजार भागिले २२.५ म्हणजे ५३३. फरक ४३ लिटर. वर्षाचा. म्हणजे ढोबळमानाने एक टाकी. तुम्ही, वहिनी आणि साडू मिळून जो वाद घालताय तो वर्षाला एका टाकीचा आहे, आणि तोसुद्धा ब्रोशरचे आकडे जसेच्या तसे खरे धरले तर, जे धरायचे नसतात, त्यावर येतेच.

लिटरला किती किलोमीटर हा आकडा मुळात थोडा फसवा आहे बघा. दहाचं मायलेज देणारी गाडी काढून बाराची घेतली तर बारा हजार किलोमीटरला बाराशेचे हजार लिटर होतात, दोनशे लिटर वाचले. तुमच्या दोन गाड्यांमध्येसुद्धा फरक दोनचाच आहे, पण वाचतात फक्त ४३. आकडा जितका वर जातो तितकी पुढच्या प्रत्येक किलोमीटरची किंमत कमी होत जाते. युरोपात म्हणूनच शंभर किलोमीटरला किती लिटर असं उलटं लिहितात. तसं लिहिलं तर तुमच्या गाड्या ४.१ आणि ४.४ च्या आहेत. भांडायला आता तेवढा उत्साह राहिला का?

आता ती ओळ जी वाचून मी हसले. "टॉप व्हेरिएंटच घेणार, मोठे अलॉय." अहो, तुमच्या शीटमधला मायलेजचा कॉलम कुठल्या व्हेरिएंटचा आहे? ब्रोशरच्या पहिल्या पानावर जो मोठ्ठा आकडा असतो तो बहुतेक वेळा सगळ्यात हलक्या, सगळ्यात लहान चाकांच्या व्हेरिएंटचा असतो, आणि खाली मुंगीच्या अक्षरात बाकीचे. आत्ताच्या पिढीची टोयोटा प्रियस घ्या, २०२३ ला अमेरिकेत आली ती. १७ इंची चाकांच्या खालच्या व्हेरिएंटचा सरकारी आकडा ५७ मैल पर गॅलन, म्हणजे लिटरला साधारण २४.२. त्याच गाडीचं १९ इंची चाकांचं वरचं व्हेरिएंट, इंजिन तेच, मोटर तीच, आकडा ५२, म्हणजे २२.१. तुमच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांमध्ये जेवढा फरक आहे ना, तेवढाच फरक इथे एकाच गाडीच्या दोन व्हेरिएंटमध्ये आहे! म्हणजे एक टाकी तुम्ही चाकांच्या दिसण्यासाठी हसत हसत द्यायला तयार आहात आणि तीच टाकी वाचवायला चौदा कॉलम भरताय. मी चाकं घेऊ नका असं म्हणत नाहीये हां, घ्या की, रोज बघून बरं वाटणार असेल तर ती टाकी वाया गेली असं मी तरी म्हणणार नाही. फक्त दोन्ही गाड्यांच्या टॉप व्हेरिएंटचे आकडे शेजारी शेजारी ठेवा, एकीचं टॉप आणि दुसरीचं बेस असं नको.

हा पहिल्या पानावरच्या आकड्याचा खेळ कुठपर्यंत जातो हे बघायचं तर जपानमधलं दहाएक वर्षांपूर्वीचं भांडण बघा, मला ते फार आवडतं. टोयोटाची छोटी हायब्रिड अ‍ॅक्वा डिसेंबर २०११ ला आली, तिथल्या टेस्टमध्ये लिटरला ३५.४. सप्टेंबर २०१३ ला होंडाने नवी फिट हायब्रिड आणली, ३६.४, बरोब्बर एकने जास्त. त्याच वर्षाच्या शेवटी टोयोटाने अ‍ॅक्वात सुधारणा करून ३७.० केलं. मग नोव्हेंबर २०१६ मध्ये निस्सानची नोट ई-पॉवर आली, किती? ३७.२. पॉइंट दोनने पुढे! कॉलेजातल्या पोरांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून उंची मोजावी तसं. आणि गंमत अशी की फिटचा तो ३६.४ फक्त सगळ्यात खालच्या व्हेरिएंटला होता, त्याच्या वरची ३३.६ किंवा कमी. नोटचं तेच, ३७.२ वालं व्हेरिएंट सगळ्यात कमी सोयींचं, इतर बहुतेक ३४ वर. म्हणजे हेडलाईन एका गाडीची आणि लोक चालवतायत दुसरीच.

आणि टेस्ट म्हटली की ती रस्त्यावर होते असा एक समज असतो. रोलरवर होते हो, बंद खोलीत, ठरलेल्या वेगाने ठरलेली मिनिटं. अमेरिकेत २००८ पासून ही पद्धत कडक केली, पूर्वीच्या दोन चाचण्यांच्या जोडीला जास्त वेगाची, एसी चालू ठेवून आणि कडाक्याच्या थंडीत अशा आणखी तीन धरायला लागले. त्याने काय झालं तर दुसऱ्या पिढीची प्रियस, जिचा आकडा ५५ लिहिलेला असायचा, ती एका रात्रीत ४६ ची झाली. गाडीत एक नटसुद्धा बदलला नव्हता. म्हणून जुन्या पद्धतीने मोजलेली एक आणि नव्या पद्धतीने मोजलेली एक अशी तुलना करायची नाही, जपानचा आकडा एका गाडीचा आणि अमेरिकेचा दुसरीचा हेही नाही. आणि व्हिडिओ बघून आकडे भरले असतील तर आणखी एक गोची, ब्रिटिश गॅलन ४.५ लिटरचा आणि अमेरिकन पावणेचारचा, त्यामुळे तीच गाडी ब्रिटिश व्हिडिओत वीस टक्के भारी वाटते.

फोर्डचं एक प्रकरण सांगते, कारण त्यात तुमचा प्रश्न अख्खा आहे. २०१२ च्या शेवटाला फोर्डने सी-मॅक्स हायब्रिड आणली, ४७ मैल पर गॅलन, शहरात ४७, हायवेला ४७, सरासरी ४७. समोर टोयोटाची प्रियस व्ही होती ४२ ची. जाहिरातीत पाच मैलांची आघाडी, अजून काय पाहिजे. पण मालकांना ४७ मिळेना. मग कळलं की तो आकडा सी-मॅक्सचा नव्हताच, फ्यूजन हायब्रिड या सेडानची टेस्ट झाली होती, आणि इंजिन, गिअरबॉक्स आणि वजनाचा गट सारखा असेल तर एकीचा आकडा दुसरीला लावायची नियमातच मुभा होती. सेडान बुटकी आणि निमुळती, सी-मॅक्स उंच, हवा दोघींना सारखी कशी अडवेल? ऑगस्ट २०१३ मध्ये आकडा ४३ वर आला, ज्यांनी गाडी विकत घेतली होती त्यांना ५५० डॉलर परत दिले. जून २०१४ मध्ये कंपनीला स्वतःच्या हिशोबात अजून एक चूक सापडली आणि आकडा ४० झाला. आता परत बघा, ४७ विरुद्ध ४२ ची लढाई ४० विरुद्ध ४२ झाली. क्रमच उलटला. कुणीतरी तेव्हा एक्सेल शीट केली असेल तर त्या बिचाऱ्याचं काय झालं असेल.

बरं, आता तुमचे ते ९ किलोमीटर. याला तुम्ही शीटमध्ये कॉलमच दिलेला नाही आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. माझी स्वतःची हायब्रिड आहे आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये शंभर पानी वही आहे, तिच्यावरून घरात माझी बरीच चेष्टा होते. प्रत्येक वेळी टाकी फुल, नॉझल पहिल्यांदा कट झालं की बास, वरून थोडं थोडं ओतत बसायचं नाही, आणि शक्यतो तोच पंप तेच मशीन. लिटर लिहायचे, ट्रिप मीटरचे किलोमीटर लिहायचे, मीटर शून्य करायचा. मागची टाकी, स्क्रीन म्हणत होती २३.८, वही म्हणते २२.६. स्क्रीन नेहमी थोडी लाडात येते, तिच्यावर पाच टक्के वजा करूनच विश्वास ठेवायचा. पण वहीतून कळलेली खरी गोष्ट वेगळीच आहे. ज्या महिन्यात मी नुसती जवळ जवळची कामं करते त्या महिन्यात आकडा १९ च्या खाली येतो, तीच गाडी, तीच मी.

कारण असं की थंड गाडी सुरू केली की इंजिनला आधी स्वतः गरम व्हायचं असतं आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम करायचा असतं, त्याशिवाय धूर साफ होत नाही. त्यामुळे पहिले काही मिनिटं गाडी सिग्नलला उभी असली, बॅटरी अर्ध्याच्या वर भरलेली असली तरी इंजिन घरघरतच राहतं. मी तर चक्क बोलते तिच्याशी, अगं बंद हो ना आता. आणि ती बंद व्हायला लागते तेव्हा तुमच्या ९ किलोमीटरमधले तीन-चार गेलेले असतात. हायब्रिडची सगळी जादू उरलेल्या पाच-सहात. म्हणून सांगते, ब्रोशरचे २४.५ आणि २२.५ हे दोन्ही तुम्हाला रोजच्या रोज दिसणार नाहीत, आणि कुठली किती खाली येईल हे ब्रोशरवरून कळणार नाही, कारण प्रत्येक कंपनीची आतली मांडणी वेगळी.

मांडणीचं थोडक्यात. टोयोटाचं म्हणजे इंजिन आणि दोन मोटरी एका ग्रहमालेसारख्या गिअरसेटमध्ये जोडलेल्या, कोण किती ताकद देणार हे कॉम्प्युटर सतत ठरवतो, इंजिन पूर्ण बंद ठेवून गाडी रांगू शकते. होंडाची जुनी पद्धत म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये एक चपटी मोटर, इंजिनला मागून ढकलणारी, त्यामुळे मोटर फिरली की इंजिनही फिरणार. होंडाचं आत्ताचं वेगळं, शहरात इंजिन बहुतेक वीजच बनवतं आणि चाकं मोटर फिरवते, हायवेला एक क्लच लागून इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. ह्युंदाई-कियाच्या छोट्या हायब्रिडमध्ये एक मोटर आणि नेहमीसारखा सहा गिअरचा डबल क्लच गिअरबॉक्स, पायाला ओळखीची गाडी वाटते. निस्सान ई-पॉवरमध्ये तर इंजिन चाकांना कधीच शिवत नाही, गर्दीत एकदम मऊ चालते, पण मोकळ्या हायवेला तो इंजिन ते वीज ते मोटर असा द्राविडी प्राणायाम थोडा महाग पडतो. तुमचं रोजचं गर्दीचं आणि क्वचित हायवे, म्हणजे इंजिन पटकन आणि पूर्ण बंद ठेवू शकणारी मांडणी तुमच्या कामाची.

आता साडू. साडूंना मी सरसकट चूक म्हणणार नाही पण त्यांच्या यादीला दोन प्रश्न विचारायला हवेत. पहिला, तो आकडा त्या नावाच्या सगळ्या गाड्यांचा आहे की फक्त हायब्रिडचा? एकाच मॉडेलमध्ये साधं पेट्रोल पण मिळत असेल तर तिप्पट खपली त्यातल्या किती हायब्रिड हे यादीत नसतंच. साध्या पेट्रोलच्या खपावरून हायब्रिड चांगली म्हणायचं म्हणजे थोरला हुशार म्हणून धाकट्याला नोकरी देण्यासारखं झालं. दुसरा, नाव किती जणांनी वाटून घेतलंय? जपानच्या यादीत मोठी प्रियस अल्फा ही प्रियसच्याच खात्यात मोजायचे. आणि हो, तो आकडा कंपनीने डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचा आहे की लोकांच्या नावावर नोंदलेल्या गाड्यांचा, हेही बघा, शोरूमच्या मागे धूळ खात उभी असलेली गाडीसुद्धा पहिल्या प्रकारात खपलेलीच असते.

पण समजा आकडा शंभर टक्के खरा आहे. तरी खप मायलेजमुळे होतो का? इथे पहिल्या होंडा इनसाइटची गोष्ट आलीच पाहिजे. अमेरिकेत विकली गेलेली पहिली हायब्रिड ती, डिसेंबर १९९९, प्रियसच्या काही महिने आधी. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, एक लिटरचं तीन सिलिंडर इंजिन, मागची चाकं अर्धी झाकलेली, पाण्याच्या थेंबासारखा आकार. मॅन्युअल गिअरवाल्या गाडीचा आकडा नव्या कडक पद्धतीनेसुद्धा ५३ भरतो, आणि बाहेरून चार्जिंगचा प्लग न लावायच्या गाड्यांमध्ये हा विक्रम मोडायला २०१६ च्या मॉडेलची प्रियस इको यावी लागली, ५६ घेऊन. एवढी वर्षं मायलेजची राणी. आणि खपली किती? सात वर्षांत जगभर मिळून साधारण १७ हजार. कारण सीटच दोन होत्या हो! प्रियसमध्ये मायलेज कमी होतं पण आई, बाबा, पोरं, बॅगा सगळं मावायचं. २००७ या एका वर्षात एकट्या अमेरिकेत १ लाख ८१ हजार प्रियस गेल्या.

होंडाने धडा घेतला आणि २००९ मध्ये दुसरी इनसाइट आणली, पाच सीटची, पाच दारांची, प्रियससारखीच दिसणारी आणि तिच्यापेक्षा स्वस्त. जपानमध्ये फेब्रुवारीत आली आणि एप्रिलमध्ये, तिथल्या ६६० सीसीच्या छोट्या गाड्या सोडल्या तर, महिन्यातली सगळ्यात जास्त खपलेली गाडी झाली, हायब्रिडने असा पहिला नंबर काढायची ती पहिलीच वेळ. सुरुवातीची किंमत १८ लाख ९० हजार येन. मग टोयोटाने काय केलं, मे महिन्यात तिसऱ्या पिढीची नवी प्रियस २० लाख ५० हजारांना आणली, आणि जुनी प्रियस बंद न करता बरोब्बर १८ लाख ९० हजारांना ठेवली! म्हणजे इनसाइट बघायला निघालेल्या माणसाच्या वाटेत दोन्ही बाजूंनी उभे राहिले. वर मायलेज, अमेरिकन आकड्यांत नवी प्रियस ५०, इनसाइट ४१. तुमच्या बारा हजारांना हा फरक सव्वाशे लिटरच्या आसपास जातो, तीन टाक्या, हा खरा फरक. त्या वर्षी जपानमध्ये सगळ्यात जास्त खपलेली गाडी प्रियस होती. इथे मायलेजने खप ओढला, मान्य. पण किंमत आणि तेव्हाची सरकारी सूट यांनीही ओढला, आणि कशाने किती हे आकड्यावर लिहून येत नाही.

उलटं उदाहरणही आहे. २०१७ च्या मॉडेलची ह्युंदाई आयोनिक ब्लू, ५८, समोर प्रियस इको ५६. आयोनिक जिंकली, कागदावर. बारा हजारांना काढा, १७-१८ लिटर, अर्धी टाकीसुद्धा नाही. लोक त्या अर्ध्या टाकीसाठी काही हलले नाहीत, २०२२ मध्ये आयोनिक हायब्रिड बंद झाली आणि प्रियस पाचव्या पिढीत गेली.

आणि कधीकधी खपाचं कारण इतकं भलतंच असतं. कॅलिफोर्नियात एक काळ हायब्रिडला पिवळा स्टिकर मिळायचा, तो लावला की गाडीत एकटे असलात तरी जास्त माणसं बसलेल्या गाड्यांसाठी राखलेल्या लेनमधून जाता यायचं. गॅलनला ४५ मैल किंवा जास्त देणाऱ्या हायब्रिडनाच तो मिळे, एकूण ८५ हजार स्टिकर काढले, २००७ च्या सुरुवातीला संपले, आणि स्टिकरवाली जुनी गाडी बिनस्टिकरच्या गाडीपेक्षा महाग जायला लागली. ट्रॅफिकमधला अर्धा तास वाचवायला घेतलेली गाडीही विक्रीच्या यादीत मायलेजवाल्याच गाडीसारखी दिसते. त्याच वर्षी एका पाहणीत प्रियस घेणाऱ्यांतल्या ५७ टक्क्यांनी मुख्य कारण सांगितलं की ही गाडी माझ्याबद्दल काहीतरी सांगते. होंडाची सिव्हिक हायब्रिड साध्या सिव्हिकसारखीच दिसायची, शेजाऱ्याला कळायचंच नाही. जग वेडं नाही, साडूंना सांगा, पण जग तुमचे ९ किलोमीटर डोळ्यापुढे ठेवून गाडी घेत नाही.

मग खपाचा आकडा फेकून द्यायचा का, तर अजिबात नाही. तो मायलेजच्या खात्यातून काढून दुरुस्तीच्या खात्यात टाका, तिथे तो सोन्यासारखा आहे. जी हायब्रिड भरपूर खपते तिचे पार्ट मिळतात, ती उघडलेले मेकॅनिक मिळतात, बॅटरीचे खराब सेल बदलून देणारे मिळतात, आणि विकायला काढली तर फोन येतात. प्रियस टॅक्सी म्हणून कितीतरी शहरांत लाखो किलोमीटर पळाल्या, मंगोलियात उलानबातारला तर जपानहून आलेल्या जुन्या प्रियसच प्रियस दिसतात, उणे तीसच्या थंडीत. एवढ्या गाड्या एवढ्या हातांतून गेल्या की तिच्यात काय बिघडतं आणि कधी बिघडतं हे जगाला पाठ होतं. (तोटाही आहे, चोरांनाही पाठ होतं, प्रियसच्या खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून नेणं हा एक धंदाच झाला होता.)

बॅटरीचं विचारलंत ते इथेच सांगते. मोबाईलसारखी ती शून्याला जात नाही आणि शंभरलाही जात नाही, कॉम्प्युटर तिला मधल्या पट्ट्यात खेळवत ठेवतो, म्हणून ती टिकते. टोयोटाने अमेरिकेत २०२० च्या मॉडेलपासून बॅटरीची वॉरंटी १० वर्षं किंवा दीड लाख मैल केली, म्हणजे कंपनीलाही तेवढा भरवसा आहे. तुम्ही दोन्ही गाड्यांची बॅटरी वॉरंटी वर्षं आणि किलोमीटर दोन्हींत लिहून घ्या, आणि ती दुसऱ्या मालकाला मिळते का हेही विचारा, विकताना उपयोगी पडतं. आणि एक बारीक गोष्ट जी शोरूममध्ये सहसा कुणी सांगत नाही. बऱ्याच हायब्रिडमध्ये मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली एक छोटी जाळी असते, त्यातून बॅटरीला थंड हवा जाते. मी दीड वर्षं तिथे एक पिशवी टेकवून ठेवत होते, सर्व्हिसिंगला जाळी काढली तर आत लोकरीच्या गोळ्यासारखा कचरा. मेकॅनिकने नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून ती जागा मोकळी.

आता तुम्ही काय करायचं ते. दोन्ही गाड्यांच्या टॉप व्हेरिएंटचे, एकाच टेस्टचे आकडे काढा आणि लिटरमध्ये करा. माझा अंदाज आहे की तुमची एक टाकी तिथेच अर्धी होईल. मग दोन्ही शोरूमना सांगा की टेस्ट ड्राइव्ह सकाळी पहिली हवी, गाडी रात्रभर उभी असलेली, आधी कुणी फिरवून गरम केलेली नको. ट्रिप मीटर शून्य करा, एसी तुम्ही रोज लावता तसाच लावा, आणि ऑफिसच्याच रस्त्याने ऑफिसच्याच वेळी ९ किलोमीटर जा. सेल्समन मागे बसून काही सांगायला लागला तर त्याला गाण्याचा आवाज किती चांगला आहे ते विचारा, तो त्यात रमेल. तुम्ही फक्त इंजिन कितव्या किलोमीटरला पहिल्यांदा आपोआप बंद झालं आणि शेवटी स्क्रीन काय म्हणते एवढं लिहा. वहिनींना पण चालवू द्या, ब्रेक दाबताना पायाला कसं वाटतं ते विचारा, हायब्रिडचे ब्रेक आधी मोटरने आणि मग पॅडने लागतात आणि काही गाड्यांत ती अदलाबदल पायाला जाणवते, कुणाला चालतं कुणाला नाही.

फरक वर्षाला एका टाकीच्या आत निघाला तर मी दुसरी घेईन. खपते म्हणून नाही, पुढची आठ-दहा वर्षं ती दुरुस्त करणारी माणसं सापडतील म्हणून, आणि तेसुद्धा तिच्या हायब्रिडचा स्वतःचा आकडा चांगला असेल तरच. फरक तीन टाक्यांचा निघाला तर वहिनींचं बरोबर, पहिली घ्या आणि साडूंना तिच्यातूनच फिरवून आणा.

आणि साडूंना आजच फोन करून तेवढं विचारा, त्या यादीतल्या गाड्यांपैकी किती हायब्रिड होत्या. उत्तर आलं तर मलाही कळवा, मला खरंच उत्सुकता आहे.